झांकली मूठ आणि प्राप्तिकराचें पत्रक

गृहस्थानें कोणत्या नऊ गोष्टी गुप्त ठेवाव्या हें सांगणारें एक जुनें संस्कृत सुभाषित आमच्या बहुतेक वाचकांनीं लहानपणीं ऐकलें असेल. त्या नऊ गोष्टींत वय आणि वित्त यांना पहिला मान आहे. त्यांच्या मागोमाग घरांतील वैगुण्य येतें, आणि पुढें औषध व दान हींही येतात. आपल्या वाडवडिलांनीं हा उपदेश इतका मनावर घेतला होता कीं, 'झांकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्या घरांत मुलांना पाढ्यांच्या आधीं येत असे. मुठींत सव्वा लाख आहेत कीं सव्वा रुपया आहे, हें बाहेर कोणास ठाऊक नसल्यामुळेंच कित्येक मुलींचीं लग्नें जमलीं, पडत्या काळांत वाण्यानें उधार दिलें, आणि भाऊबंदांत मान राहिला.

परवां एका स्नेह्यांचें प्राप्तिकराचें पत्रक भरलें जात असतां आम्ही शेजारीं बसलों होतों. संगणकाच्या पडद्यावर एकेक रकाना भरला जात होता, आणि आमच्या मनांत तें सुभाषित एकसारखें घोळत होतें. वय आरंभींच आलें. कारण साठ आणि ऐंशी वर्षांच्या पुढील माणसांस कांहीं सवलती निराळ्या आहेत. वित्त हा तर त्या पत्रकाचा विषयच होय. शिवाय ज्यांनीं सवलतींची जुनी पद्धत पत्करली आहे त्यांनीं, कर थोडा कमी व्हावा म्हणून, घरांत कोणी अपंग असल्यास तें सांगावयाचें. ठराविक दुर्धर रोगांवर औषधोपचार चालू असल्यास तें सांगावयाचें. कोणत्या संस्थेस किती दान दिलें, आणि एखाद्या राजकीय पक्षास वर्गणी दिली असल्यास तीही, सांगावयाची. सुभाषितकारानें ज्या गोष्टी झांकावयास सांगितल्या, त्यांपैकीं निदान पांच आपण दरसाल आपल्या हातानें लिहून देतों, आणि 'हें सर्व खरें आहे' असें वर प्रतिज्ञेवर सांगतों.

आम्ही कर बुडविण्याची तरफदारी करीत नाहीं, हें येथेंच स्पष्ट केलेलें बरें. नोकरदाराचा कर पगार हातीं येण्यापूर्वींच कापला जातो. त्याला मूठ झांकण्याची सोय मुळींच नसते. जो व्यापारी दोन निरनिराळ्या वह्या ठेवतो, तो सरकारास फसवितो त्याहून अधिक या नोकरदार शेजाऱ्यास फसवितो. तेव्हां सरकारनें मिळकत विचारूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. प्रश्न असा आहे कीं, करासाठीं म्हणून विचारलेली गोष्ट करापुरतीच राहते काय, आणि ती ऐकणाराच्या जिभेवर कांहीं बंधन असतें काय. हा प्रश्न केवळ कायदेपंडितांचा नव्हे, तो घराघराचा आहे, हें एका उदाहरणावरून दिसून येईल.

आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. घरांत लहानमोठीं चौदा माणसें. थोरले बंधु कर्ते. आणि सर्वांचीं पत्रकें भरून देण्याचें काम त्यांच्या धाकट्या पुतण्याकडे. कर्त्यांची विधवा बहीण, शाळेंतून निवृत्त झालेली शिक्षिका, याच घरीं राहते. सरकारनें तयार केलेलें तिचें वार्षिक माहितीपत्रक एके दिवशीं त्या मुलानें उघडलें, तेव्हां दुसऱ्या एका बँकेंतील ठेवीचें व्याज त्यांत दिसलें. रात्रीं पंगतींत तो सहज हंसत म्हणाला, "आत्या, एवढी ठेव ठेवली होतीस, आणि आम्हांला पत्ताही लागूं दिला नाहींस!" सगळे हंसले. आत्याबाई कांहींच बोलल्या नाहींत. मात्र ताटांतला शेवटचा भात तसाच राहिला. पुढें महिन्याभरांत गच्चीच्या गिलाव्याचा खर्च निघाला, आणि त्या ठेवीची आठवण सर्वांसच झाली. आत्याबाईंनीं ती मोडून दिली. तिच्या व्याजांतून एका मुलीची महाविद्यालयाची फी जात होती, हें नंतर कळलें. त्या मुलीच्या आईशीं या घराचें कित्येक वर्षांपासून जाणेंयेणें बंद होतें. म्हणूनच आत्याबाईंनीं तोंडांतून अक्षर काढलें नव्हतें.

यांत चूक कोणाची म्हणावी? सरकारनें एक पैसाही अधिक घेतला नाहीं. बँकेनें आपलें कर्तव्य केलें. मुलगा खोटें बोलला नाहीं, आणि मनानेंही तो वाईट नाहीं. कायद्याचें एकही कलम मोडलें गेलें नसतां एका वृद्ध स्त्रीची मूठ उघडली गेली, आणि तिच्या मुठीवर जिचा भरवसा होता त्या मुलीचा आधार गेला. मिळकत गुप्त ठेवणारा प्रत्येक मनुष्य चोर असतो असें समजणाऱ्यांनीं या ठेवीचा विचार करावा.

प्राप्तीवरील कर आणि गृहस्थाचा संकोच यांचा झगडा त्या कराइतकाच जुना आहे. इंग्लंडांत पिट यानें १७९९ सालीं फ्रान्सशीं चाललेल्या युद्धासाठीं हा कर बसविला. वॉटर्लूची लढाई होऊन दुसरें वर्ष उजाडतांच, १८१६ सालीं, पार्लमेंटानें सरकारच्या इच्छेविरुद्ध ३७ मताधिक्यानें तो काढून टाकला; इतकेंच नव्हे, तर करासाठीं लोकांनीं दिलेले कागद कापून त्यांचा लगदा करावा, असें ठरविलें. लोकांना पैशाइतकाच, किंबहुना पैशाहून अधिक, त्या कागदांचा जाच वाटत होता. गमतीची गोष्ट ही कीं, त्याच कागदांच्या नकला दुसऱ्या एका सरकारी कचेरींत अगोदरच जाऊन पडल्या होत्या, आणि त्या वांचल्या. मालकानें मूळ कागद फाडला तरी सरकारजवळची नक्कल राहते, हा धडा तेव्हांपासूनचा आहे. पुढें १८४२ सालीं पील यानें हा कर पुन्हां आणला, त्या वेळीं व्यापाऱ्यांची मुख्य तक्रार अशी होती कीं, आकारणी करणारे स्थानिक अधिकारी हे त्यांच्याच गांवचे, बहुधा त्यांच्याच धंद्याचे. म्हणून ज्यांस हवें असेल त्यांनीं आपला हिशेब परगांवच्या खास कमिशनरांपुढें मांडावा, अशी सोय ठेवावी लागली. कर देण्यापेक्षां शेजाऱ्याला कळण्याची भीति मोठी, हें त्या सरकारनें ओळखलें होतें.

आपल्या देशांत हा कर १८५७ च्या उठावानंतर आला. तिजोरी रिकामी झाली होती, म्हणून विलायतेहून जेम्स विल्सन यांस आणविण्यांत आलें. त्यांनीं १८ फेब्रुवारी १८६० रोजीं अंदाजपत्रक मांडलें, आणि २४ जुलैपासून कायदा सुरू झाला. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनीं या कराविरुद्ध आपलें मत उघडपणें प्रसिद्ध केलें, आणि त्याबद्दल त्यांना आपल्या जागेस मुकावें लागलें. तो कायदा १८६५ सालीं संपला. नंतर अनेक फेरफार होऊन १८८६ सालीं हा कर कायमचा झाला, आणि त्या कायद्यानें हिंदु एकत्र कुटुंबास करापुरती एक व्यक्ति मानलें. सरकारनें कर्त्यास विचारावें आणि कर्त्यानें घराच्या वतीनें उत्तर द्यावें, अशी ती रीत होती. कर्त्याची मूठ तीच घराची मूठ. तींत जुलूमही होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु घरची गोष्ट किती जणांच्या कानीं जाते, हें निदान मोजतां येत असे.

लिहून दिलेला कागद पुढें कोणत्या कामीं येईल याचा नेम नसतो, हें महाराष्ट्रांतील जुन्या घराण्यांस तर त्याहीपूर्वीं अनुभवास आलें होतें. पेशव्यांच्या दप्तरांतील नोंदी पेशवाईच्या कारकुनांनीं आपल्या राज्याच्या कारभारासाठीं केल्या. दुसरें राज्य येऊन त्याच नोंदींवरून घराघरांचीं इनामें तपासील, हें त्या लिहिणाऱ्यांच्या स्वप्नींही नसेल. १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले. सनदा मागविण्यांत आल्या आणि त्या दप्तराशीं ताडून पाहण्यांत आल्या. ज्यांचे कागद गहाळ झाले होते किंवा दप्तराशीं जुळले नाहींत, अशा पुष्कळांचीं इनामें गेलीं. शेवटीं १८६३ च्या कायद्यांनीं, चौकशीच्या ऐवजीं ठराविक रक्कम देऊन इनाम कायम करून घेण्याचा मार्ग निघाला, आणि पुष्कळांनीं तो आनंदानें पत्करला. पैसे गेले तरी चालतील, पण दप्तर उघडणें नको, असें त्यांस वाटलें.

या इतिहासावरून जी गोष्ट शिकावयाची, ती १९२२ च्या प्राप्तिकराच्या कायद्यानें कांहीं अंशीं शिकली होती. त्या कायद्याच्या ५४ व्या कलमान्वयें पत्रकें, हिशेब आणि जबान्या गुप्त समजावयाच्या होत्या. कांहीं ठराविक अपवाद सोडल्यास न्यायालयासही ते कागद सरकारी नोकराकडून मागवितां येत नसत, आणि जो नोकर त्यांतील मजकूर बाहेर फोडील त्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा होती. राज्य परकी होतें; परंतु सौदा समजण्याजोगा होता. गृहस्थानें मूठ उघडावयाची, ती एकापुढें. आणि ज्यानें पाहिलें त्यानें आपलें तोंड मिटावयाचें. स्वतंत्र भारताच्या १९६१ च्या कायद्यांतही हें कलम १३७ वें म्हणून आलें. परंतु १ एप्रिल १९६४ पासून तें काढून टाकण्यांत आलें. त्या जागीं जी व्यवस्था झाली तिच्यांत सरकारनें नेमून दिलेल्या इतर खात्यांस माहिती देतां येऊं लागली, आणि कोणाही मनुष्यानें अर्ज केल्यास, लोकहितास अवश्य वाटलें तर, दुसऱ्याची माहिती देण्याचा अधिकार कमिशनरांस मिळाला. दार सताड उघडें टाकलें गेलें नाहीं, हें खरें. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१२ सालीं, प्राप्तिकराचें पत्रक ही व्यक्तीची खाजगी बाब आहे आणि मोठ्या लोकहितावांचून माहितीच्या अधिकाराखालीं तें कोणास मिळूं नये, असें ठरविलें. तथापि पूर्वीं कुलूप हा नियम होता आणि किल्ली हा अपवाद होता. तें नातें १९६४ पासून बदललें.

त्यानंतरचा फरक याहूनही मोठा आहे. पूर्वीं गृहस्थ सांगत असे आणि सरकार ऐकत असे. आतां सरकारच सांगतें, आणि गृहस्थानें होय म्हणावयाचें असतें. १९६२ च्या नियमावलींत ज्या मर्यादा घालण्यांत आल्या, त्यांप्रमाणें बचतखात्यांत वर्षांत १० लाख वा त्याहून अधिक रोकड भरली गेली, ३० लाखांची स्थावर मिळकत खरेदी झाली, क्रेडिट कार्डाचीं १० लाखांचीं बिलें फेडलीं गेलीं, कीं ती वार्ता बँकेनें वा निबंधकानें परस्पर कळवावयाची. नोव्हेंबर २०२१ मध्यें व्याज, लाभांश, शेअरांचे व्यवहार वगैरे सर्व एकत्र करणारें वार्षिक माहितीपत्रक सुरू झालें. आत्याबाईंची ठेव उघडी पडली ती याच पत्रकांत. २०१७ च्या कायद्यानें पॅन क्रमांक आधार क्रमांकास जोडण्यांत आला. त्याच वर्षीं २४ ऑगस्ट रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय दिला. आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजीं बहुमतानें पॅनची ही जोडणी कायम ठेवली, मात्र बँकखात्यांस आधार जोडण्याची सक्ति रद्द केली. बँकेच्या हवालीं केलेल्या कागदांवरील माणसाचा खाजगी हक्क बँकेंत ठेवल्यानें नाहींसा होत नाहीं, हें तर त्याच न्यायालयानें २००४ सालींच सांगितलें होतें.

येथें कोणी म्हणेल कीं, ज्याचें मन स्वच्छ आहे त्याला भय कशाचें? या प्रश्नाचें उत्तर सरकारनेंच एकदां देऊन ठेवलें आहे. राजकीय पक्षांस देणग्या देणाऱ्यांचीं नांवें मतदारांस कळूं नयेत म्हणून २०१८ सालीं निवडणूक रोखे निघाले. देणगीदारास त्रास होऊं नये, हें त्याचें एक समर्थन होतें. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं ती योजना घटनाबाह्य ठरविली. म्हणजे कोटींची देणगी देणाऱ्याची मूठ झांकण्यासाठीं सहा वर्षें कायदा उभा होता, आणि त्याच काळांत घरांतील बायकांनीं डाळीतांदळाच्या डब्यांत जपलेल्या नोटा, ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीमुळें, नवऱ्यासमक्ष मोजल्या जाऊन नुकत्याच बँकेंत गेल्या होत्या. अडीच लाखांपर्यंतच्या अशा ठेवींची चौकशी होणार नाहीं, असें आश्वासन सरकारनें त्या वेळीं दिलें, हें न्याय्यच झालें. परंतु त्या नोटांची खरी चौकशी घरांत होऊन गेली होती. तिच्यापासून कोणतेंही आश्वासन त्या बायकांना वांचवूं शकलें नाहीं.

सरकारच्या बाजूनेंही दोन गोष्टी मोकळ्या मनानें मान्य केल्या पाहिजेत. २०२० पासून पत्रकांची तपासणी पुष्कळशी परगांवच्या, तोंडही न दिसणाऱ्या अधिकाऱ्याकडून होऊं लागली. १८४२ च्या इंग्रज व्यापाऱ्यांस जें हवें होतें तें आपल्याला मिळालें. दुसरी गोष्ट, त्याच वर्षीं निघालेल्या नव्या करपद्धतींत दर कमी आणि सवलती थोड्या असल्यामुळें आजारपण व दानधर्म लिहून देण्याचें कारण बहुतांशीं उरत नाहीं. १८६३ च्या इनामदारांप्रमाणेंच हाही ठराविक आकार देऊन दप्तर मिटण्याचा मार्ग आहे. जुन्या पद्धतींतील प्रत्येक सवलत ही एका गुपिताची किंमत असते. ती घेतांना किती रुपये वांचले एवढेंच न पाहतां काय सांगितलें तेंही पाहावें.

परंतु दुसऱ्या बाजूस, १ एप्रिल २०२६ पासून ज्याचा अंमल ठरविण्यांत आला त्या २०२५ च्या कायद्यांत, झडतीच्या वेळीं अधिकाऱ्यास संगणकावरील पत्रव्यवहार, समाजमाध्यमांवरील खातीं आणि दूरस्थ सांठवण हीं परवलीचा शब्द ओलांडूनही उघडतां यावींत, असा स्पष्ट अधिकार घातला आहे. पूर्वीं झडती कपाटाची होत असे, आणि कपाटांत हिशेबाच्या वह्या असत. आतांच्या या कपाटांत मुलीचीं पत्रें, आजाऱ्याचे अहवाल आणि मित्रांशीं झालेलीं भांडणेंही असतात. जो हिशेब शोधावयास आला त्यानें हिशेबच पाहावा, आणि बाकीचें पाहिलें गेलेंच तर १९२२ च्या कलमाप्रमाणें त्याची जीभ कायद्यानें बांधलेली असावी, एवढी मागणी करण्याचा प्रामाणिक करदात्याला पूर्ण हक्क आहे. ती आपले प्रतिनिधि मत मागावयास येतील तेव्हां त्यांच्यापुढें मांडली पाहिजे.

असो. सरकार सुधारेल तेव्हां सुधारेल. पण घर सुधारणें आपल्या हातीं आहे. एकत्र कुटुंबांत सर्वांचीं पत्रकें भरणारा जो कोणी असतो, त्यानें स्वतःस वैद्याच्या जागीं समजावें. रोग्याचें नांव वैद्य पंगतींत घेत नाहीं. घरांतील प्रत्येक मिळवत्या माणसाचा, मग ती सून असो वा आजी असो, परवलीचा शब्द त्याच्याच जवळ असावा. माहितीपत्रक उघडावयाचें तें त्याला शेजारीं बसवून, आणि त्यांत चूक दिसल्यास ती त्याच्याच संमतीनें कळवावी. पॅन आणि आधार यांच्या प्रती मागेल त्या दुकानदारास देऊं नयेत. जेथें आधारक्रमांकाचे शेवटचे चारच आंकडे पुरतात तेथें तेवढेच दिसणारी प्रत द्यावी. घराचे कागद सगळ्या नातलगांच्या गटांत भ्रमणध्वनीवरून फिरवूं नयेत. आणि कर्त्यांस आमची एक नम्र सूचना आहे: कोणाजवळ काय आहे हें कळलें, म्हणजे तें मागण्याचा अधिकार मिळाला, असें समजूं नये.

ज्या घराची हकीकत आम्हीं वर सांगितली, तेथें यंदा पत्रकें भरलीं गेलीं तीं निराळ्या रीतीनें. त्या पुतण्यानें एकेकास आपल्या खोलींत बोलाविलें आणि दार लावून घेतलें. आत्याबाईंची पाळी आली तेव्हां त्यानें खुर्ची त्यांना दिली, परवलीचा शब्द त्यांच्याच हातानें टाइप करविला, आणि तो होईपर्यंत आपण खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.